ऊसतोड मजुरांच्या मुलांवर खापर फोडणाऱ्या संदेशाला उत्तर

‘जिल्हा परिषद शाळांचे सत्य’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या आमच्या भागातील प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर फिरतो आहे. त्यातली विधाने थोडक्यात अशी : सरकारच्याच अहवालानुसार महाराष्ट्रातील झेडपी शाळांतल्या पाचवीच्या ५५ टक्के मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, खासगी शाळांतली मुले पुढे आहेत, म्हणजे तिथले शिकवणे चांगले, झेडपीत आता फक्त मजुरांची आणि बाहेरून आलेल्यांची मुले उरली असून त्यांच्याबरोबर बसून आपलीही मुले मागे पडतात, शिक्षक फुकटचा पगार घेतात, म्हणून कमी पटाच्या शाळा बंद कराव्यात. माझ्या धाकट्या भावजयीने हा संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘वन्सं, असं असेल तर पोरीचा दाखला काढलेला बरा.’ तिची मुलगी दुसरीत आहे, चांगली वाचते, आणि केवळ या मजकुरामुळे तिला रोज लांबच्या शाळेच्या गाडीत बसवण्याची चर्चा घरात सुरू झाली आहे. त्यामुळे हा संदेश दुर्लक्ष करून सोडून देण्यासारखा राहिलेला नाही.

पहिले विधान तीन ठिकाणी चुकते. ज्या अहवालाचा आधार घेतला आहे तो ‘असर’ सरकारचा नाही. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून तो निघतो. ५५ टक्के हा आकडा देशाचा आहे : २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांच्या पाचवीतली ४४.८ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. महाराष्ट्राचे प्रमाण यापेक्षा बरे आहे. तिसरी चूक अशी की, वाचनाची ही पाहणी शाळेत होत नाही. कार्यकर्ते गावातल्या घरी जातात, मुलाला एकट्याने समोर बसवतात आणि अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद व गोष्ट यांपैकी ते काय वाचू शकते हे पाहतात. मूल कोणत्याही शाळेत जात असो, वाचायला दिलेला कागद त्याच पातळीचा असतो. त्याच पाहणीत खासगी शाळांतल्या पाचवीच्या मुलांचे प्रमाण ५९.३ टक्के होते, म्हणजे फी भरणाऱ्या घरांतलीही दहापैकी चार मुले ती गोष्ट वाचू शकली नाहीत. संदेशात हा आकडा दिलेला नाही. झेडपीच्या मुलांचे वाचन पुरेसे चांगले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. देशात निम्म्याहून अधिक मुले मागे राहतात ही गोष्ट गंभीर आहे आणि ती झाकण्यात कोणाचेच हित नाही.

आता ४४.८ आणि ५९.३ यांतल्या अंतराकडे पाहू. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी बहुधा शिकलेली आई असते, शिकवणीसाठी पैसे असतात आणि अभ्यासाला जागा असते. त्यामुळे अंतरातला किती भाग शाळेचा आणि किती घराचा, हे सरासरीवरून कळत नाही. ते कळण्यासाठी सारख्याच घरांतली मुले दोन्हीकडे पाठवून पाहावी लागतात, आणि तसे आपल्या शेजारीच झाले आहे. २००८पासून एकत्रित आंध्र प्रदेशातील १८० गावांत चिठ्ठ्या टाकून काही गरीब मुलांना खासगी शाळेची फी देण्यात आली आणि चार वर्षे त्यांच्या प्रगतीची नोंद ठेवण्यात आली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिठ्ठी लागून खासगी शाळेत गेलेली मुले आणि चिठ्ठी न लागलेली मुले यांच्यात तेलुगू आणि गणितात फरक आढळला नाही. हिंदीत खासगी शाळेत गेलेली मुले स्पष्टपणे पुढे होती, कारण सरकारी शाळांत त्या इयत्तांना हिंदी शिकवलीच जात नव्हती.

याच अभ्यासाने संदेशातल्या सर्वांत घातक विधानालाही उत्तर दिले आहे, आणि माझा खरा राग त्याच विधानावर आहे. ‘मजुरांच्या मुलांबरोबर बसून आपली मुले मागे पडतात’ हे विधान मोजून तपासता येते. आंध्रातल्या या गावांत गरीब घरांतली मुले जेव्हा खासगी शाळांच्या वर्गांत जाऊन बसली, तेव्हा तिथे आधीपासून शिकणाऱ्या मुलांच्या गुणांवर परिणाम झाला का, हे मुद्दाम पाहिले गेले. तसा परिणाम आढळला नाही. सरकारी शाळेतच राहिलेल्या मुलांचेही नुकसान झालेले दिसले नाही.

आमचा पट्टा उसाचा आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या येतात, रानात कोप्या (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या) पडतात, आणि त्यांच्याबरोबर आलेली मुले झेडपीच्या शाळेत येतात. एखाद्या मुलीजवळ गावाकडच्या शाळेने दिलेले, ती कोणत्या इयत्तेत शिकत होती हे सांगणारे शिक्षण हमी कार्ड असते, एखादीजवळ काहीच नसते. शिक्षण हक्क कायद्याने तिला तिच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, आणि द्यायलाच हवा. गाळप संपले की ती परत जाते, बहुतेकदा वार्षिक परीक्षेच्या आधीच. आता हिशेब करून पाहा. तिसरीच्या वर्गात १२ मुले आहेत आणि त्यांपैकी ९ मुलांना गोष्ट वाचता येते असे धरा. हे प्रमाण ७५ टक्के झाले. टोळीबरोबर आलेली तीन मुले नोव्हेंबरात वर्गात बसली आणि ती अजून शब्दांपर्यंतच पोहोचली आहेत, तर शाळेचे प्रमाण एका दिवसात ६० टक्क्यांवर येते. त्या नऊ मुलांपैकी एकही मूल वाचायला विसरलेले नसते. लहान पटाच्या शाळेची टक्केवारी अशी वरखाली होते, आणि ज्याला वर्गात कोण केव्हा आले हे ठाऊक नाही त्याने त्या टक्केवारीवरून शिकवण्याविषयी निकाल देऊ नये.

वर्गात कोण बसते हे शाळा ठरवत नाही, नियम आणि पैसा ठरवतात. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला कायद्याची मनाई आहे, पण फी हीसुद्धा एक चाळणीच असते. ती थोडी रुंद व्हावी म्हणून विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात २०२४ मध्ये नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी रद्द ठरवला. तो टिकला असता तर गरिबांची मुले आणखी मोठ्या प्रमाणात एकाच प्रकारच्या शाळेत गोळा झाली असती, आणि मग ‘तिथे फक्त मजुरांची मुले आहेत’ म्हणून त्याच शाळेला दोष दिला गेला असता.

शिक्षकांच्या पगाराबद्दल फार लिहीत नाही. आंध्रातल्या त्याच अभ्यासात खासगी शाळांचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी निघाला आणि तिथले शिक्षक अधिक नियमित हजर आढळले. मला हे मान्य करावे लागते, आणि दांडी मारणाऱ्या शिक्षकाची बाजू मी घेणार नाही. पण चार वर्ग दोन शिक्षकांनी सांभाळायचे, त्यातल्या एकाला निवडणुकीच्या कामाला पाठवायचे आणि मग ‘फुकटचा पगार’ म्हणायचे, हे न्यायाचे नाही.

राहिली शाळा बंद करण्याची सूचना. २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांचे समूह शाळांत एकत्रीकरण करण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला तेव्हा याच मुद्द्यावर वाद झाला होता. इतक्या कमी मुलांत खेळ, गटात शिकणे, प्रत्येक इयत्तेला शिक्षक या गोष्टी अवघड होतात, हे खरे आहे. परंतु प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा निकष ज्या मुलांसाठी आहे, त्यांच्याकडे वाहन नाही. गावातली शाळा बंद झाली तर माझ्या भाचीला पिवळ्या गाडीत जागा मिळेल. कोपीतली मुलगी त्या गाडीत बसणार नाही. ती धाकट्या भावाला सांभाळत फडातच राहील, आणि ती कोणत्याही शाळेच्या पटावर नसल्यामुळे तिचे वाचन कोणाच्या टक्केवारीतही दिसणार नाही.