राखणदाराचा वड आणि क्लेअरमधले काटेरी झाड

आमच्या वाडीकडे जाणारा रस्ता रुंद करायचा ठरले आहे आणि त्या रस्त्याच्या वळणावर राखणदाराचा, म्हणजे गावाची शीव राखणाऱ्या अदृश्य रक्षकाचा, वड उभा आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावात या एका झाडावरून गेले दोन महिने वाद चालला असून त्याचे पडसाद रोज रात्री माझ्या फोनवर उमटतात. धाकटा भाऊ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात गेली वीस वर्षे आहे. पावसाळ्यात आजारी माणसाला खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत उचलून न्यावे लागते, तेव्हा अदृश्य राखणदाराच्या धाकाने रस्ता अडवणे त्याला अन्यायाचे वाटते. काकांचे म्हणणे असे की, पूर्वजांनी नारळ ठेवून आणि गाऱ्हाणे घालून जी जागा जपली, तिला हात लावण्याचा अधिकार आजच्या कुणालाही नाही आणि जो लावील त्याचे बरे होणार नाही. दोघेही माझेच आहेत आणि दोघेही मनापासून बोलतात. दोघांनीही मला विचारले आहे की, इतकी वर्षे बाहेर राहून तुला काय वाटते. हा लेख म्हणजे त्यांना दिलेले उत्तर आहे.

मी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात, एनिस या गावी राहतो आणि कामासाठी रोज शॅननला जातो. वाटेत लाटून नावाच्या जागी महामार्गाच्या कडेला हॉथॉर्नचे एक झाड लागते. हॉथॉर्न म्हणजे वसंतात पांढऱ्या फुलांनी भरून जाणारे, फारसे उंच न वाढणारे काटेरी झाड. १९९९ साली हा रस्ता मोठा करण्याचे घाटत असताना ते झाड नेमके आखणीत येत होते. एडी लेनिहन हे या भागातले नामवंत कथाकार, ज्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी गोळा करण्यात आयुष्य घालवले आहे, त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून सांगितले की, मन्स्टर प्रांतातले 'शी' लोक, म्हणजे आयरिश लोककथांतले अदृश्य लोक, कॉनॉट प्रांतातल्या 'शी' लोकांशी लढायला निघतात तेव्हा ते याच झाडापाशी जमतात आणि हे झाड तोडले तर त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या जिवाला धोका होईल. या पत्राची चर्चा देशाबाहेरही झाली. अखेर अभियंत्यांनी झाड राहील अशा बेताने रस्त्याची रचना केली. २००२ साली कुणीतरी यांत्रिक करवत चालवून त्याच्या फांद्या छाटून टाकल्या, पण खोड जिवंत राहिले आणि त्याला पुन्हा पालवी फुटली. मी ते झाड पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमचा वड आठवला.

ज्यांना इंग्रजी बालसाहित्यातून पंखांच्या इवल्याशा पऱ्या तेवढ्या ठाऊक आहेत, त्यांना आयर्लंडचे हे 'शी' लोक ओळखू येणार नाहीत. जुन्या आयरिश परंपरेनुसार माणसांच्या आधी या बेटावर तूहा डे डानन नावाच्या देवतुल्य वंशाचे राज्य होते. माणसांनी त्यांचा पराभव केल्यावर देशाची वाटणी झाली आणि तीत जमिनीवरचा भाग माणसांना, जमिनीखालचा त्यांना मिळाला. त्यांच्या सरदारांनी एकेक टेकडी वाटून घेतली. बॉइन नदीकाठचे न्यूग्रेंज हे पाच हजार वर्षांपूर्वीचे थडगे एंगसचा वाडा मानले जाते, गॉलवे परगण्यातली नॉकमा ही टेकडी कॉनॉटचा राजा फिनवारा याची, लिमरिकमधली नॉकेनी आन्या या राणीची. आमच्या क्लेअरची राणी ईवल. तिचे ठाणे किलालोजवळच्या करड्या कड्यावर आहे. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईच्या आदल्या रात्री तिने राजा ब्रायन बोरू याला त्याचे मरण सांगितले, अशी कथा आहे. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रायन मेरिमन या कवीने याच परगण्यात हजारेक ओळींची एक आयरिश कविता रचली. तीत ईवल मध्यरात्री न्यायासनावर बसते आणि बायका तिच्यापुढे पुरुषांविरुद्धची आपली गाऱ्हाणी मांडतात.

'गाऱ्हाणी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. कोकणात देवळासमोर गाऱ्हाणे घालतात तेव्हा देवाला 'महाराजा' म्हणूनच हाक मारतात आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली मंडळी 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतात. आपलेही अदृश्य जग असेच राज्यासारखे रचलेले आहे. शिवेशिवेवर राखणदार असतो, डोहात साती आसरा असतात, पिंपळावर मुंजा असतो आणि या सगळ्या भूतगणांचा अधिपती वेताळ. आमच्या शेजारच्या आरवलीत तोच वेतोबा म्हणून ग्रामदैवत आहे आणि तो रात्री गावाची गस्त घालून चपला झिजवतो म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. गोव्यातही वेताळाच्या कितीतरी जुन्या दगडी मूर्ती आहेत. इथल्या शेतकऱ्याला स्वतःच्याच ओळखीच्या शेतातून रात्री बाहेर पडायचा रस्ता सापडेनासा होतो, तेव्हा तो 'शीं'च्या ढेकळावर पाय पडला असे म्हणतो आणि वाट सापडावी म्हणून कोट उलटा करून घालतो. आपण त्यालाच चकवा लागला म्हणतो. इथले जुने लोक त्यांचे नाव घेत नाहीत, 'ती भली माणसे' म्हणतात. माझी आजीही दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नसे, 'जनावर' म्हणायची.

हे साम्य मला गोड वाटते, पण केवळ तेवढ्यासाठी मी लिहायला बसलो नाही. काका म्हणतात त्यात एक मोठे तथ्य आहे आणि ते इथे डोळ्यांना दिसते. आयर्लंडच्या शेतांमधून मातीच्या गोल बांधांची जुनी घरठाणी विखुरलेली आहेत. बहुतेक दीडेक हजार ते हजार वर्षांपूर्वीची, शेतकरी कुटुंबांनी आपल्या घराभोवती आणि गुरांभोवती घातलेली ही वर्तुळे लोकांनी पुढे 'शीं'चे गड मानली. देशभरात अशा सुमारे ४५ हजार वर्तुळांची नोंद झाली आहे. १९३० पासून प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पण त्याच्या आधीची कित्येक शतके ही वर्तुळे टिकली त्याला शेतकऱ्याचा धाक हे मोठे कारण होते. गडावर नांगर घातला तर घरात मरण येते, ही समजूत प्रत्येक परगण्यात होती. अगदी २०१७ साली केरीच्या एका खासदाराने रस्ता पुन्हा पुन्हा खचतो याचे कारण म्हणून अशा गडांकडे बोट दाखवले होते. आपल्याकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून तीच गोष्ट दाखवली. आजूबाजूचे रान उघडे पडले असताना देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यात जुने वृक्ष, वेली आणि पाण्याचे झरे टिकून होते, कारण तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे.

आता भावाची बाजू, आणि तिच्यावर मला अधिक थांबायचे आहे, कारण परंपरेची गोडी गाणारे लोक हा भाग गाळतात. मार्च १८९५ मध्ये टिपरेरी परगण्यातल्या बॅलिव्हॅडली या खेड्यात ब्रिजेट क्लीअरी ही सव्वीस वर्षांची स्त्री आजारी पडली. ती कपडे शिवायची, तिच्याकडे स्वतःचे शिवणयंत्र होते, ती कोंबड्या पाळून पैसे मिळवायची. नवऱ्याची अशी खात्री झाली की, ही आपली बायको नव्हेच, खऱ्या बायकोला 'शी' लोक घेऊन गेले आहेत आणि तिच्या जागी त्यांनी आपल्यातली एक ठेवली आहे. तिला कडू काढा बळजबरीने पाजण्यात आला, 'तू मायकेल क्लीअरीची बायको आहेस का' असे पुन्हा पुन्हा विचारण्यात आले आणि शेवटी नातेवाइकांच्या देखत तिच्या नवऱ्याने तिला जाळले. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून जवळच्या गडातून बाहेर येईल म्हणून तो काळ्या मुठीची सुरी घेऊन पुढच्या रात्री तिथे वाट पाहत उभा राहिला. काही दिवसांनी उथळ खड्ड्यात तिचे प्रेत सापडले. सदोष मनुष्यवधासाठी झालेल्या शिक्षेपैकी तो पंधरा वर्षे तुरुंगात होता.

इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी या घटनेचा उपयोग आयरिश लोक स्वराज्याला लायक नाहीत हे सांगण्यासाठी केला, तोही एक अन्यायच होता. पण त्यामुळे ब्रिजेटचे जळणे खोटे ठरत नाही. ज्या गोष्टीने गडाचा बांध राखला, त्याच गोष्टीने तिच्या नवऱ्याच्या हातात जळते लाकूड दिले. आपल्याकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, भूत उतरवण्याच्या नावाखाली आजारी माणसाला झोडपले जाते, तेव्हा माझा भाऊ आणि त्याचे सहकारी तिथे जाऊन उभे राहतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कामासाठी कायदा व्हावा म्हणून कित्येक वर्षे झगडा दिला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. त्या मागोमाग वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारणे, करणी केली म्हणून एखाद्याला बदनाम करून छळणे, नरबळी, असे इजा करणारे वर्तन या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. पूजा, वारी, यात्रा, कीर्तन यांना बाधा येणार नाही असे त्यातच स्पष्ट लिहिलेले आहे. तरी गावातल्या वादात दोन्ही बाजू असे बोलतात की, जणू हा कायदा राखणदारावरच आहे.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, अदृश्य सत्तेबद्दल 'ती खरी की खोटी' हा प्रश्न ग्रामसभेत सोडवायचा नसतो. ती सत्ता माणसाकडून काय मागते हे विचारायचे असते. 'या झाडाला कुऱ्हाड लावू नका' एवढेच ती मागत असेल तर ते मागणे विचारात घेण्याजोगे आहे आणि ती एखाद्या बाईचे अंग मागत असेल तर तिथे परंपरेचा एक शब्दही ऐकून घेता कामा नये.

इथे मला आयर्लंड आणि आपले गाव यांच्यातला एक फरकही नोंदवायचा आहे, कारण परदेशातून लिहिणारा माणूस दोन देशांना सहज एकाच मापाने मोजतो. लाटूनच्या झाडाचा कुणी मानकरी नाही. त्या झाडापुढे पहिला नारळ कुणी ठेवायचा, कौल कुणी लावायचा, बाईने तिथवर यायचे की नाही, कोणत्या घरातल्या माणसाने लांब उभे राहायचे, असे प्रश्न इथे उद्भवत नाहीत. माझा इथला सहकारी म्हणतो की, तो 'शीं'ना मानत नाही पण ते झाड तोडणारही नाही. त्याला हे सहज म्हणता येते, कारण ती श्रद्धा आता कुणालाही खाली ढकलत नाही. आमच्या राखणदाराच्या जागी मान आणि जात यांची उतरंड अजून जिवंत आहे. काकांनी वड राखायचा म्हटला तर ही उतरंडही राखायची आहे का, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल, आणि भावाचा राग बराचसा त्या उतरंडीवर आहे हे मला माहीत आहे.

तरीही आयर्लंडने केलेली एक गोष्ट आपण जशीच्या तशी घ्यावी असे मला मनापासून वाटते. १९३५ साली तिथल्या सरकारने लोकपरंपरा आयोग नेमला. त्याचे संग्राहक मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रे घेऊन खेडोपाडी फिरले. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांच्या आसपास मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या वृद्धांना विचारून गडांच्या, विहिरींच्या, 'शीं'च्या, औषधी पाल्याच्या आणि दुष्काळाच्या आठवणी वह्यांमध्ये लिहून काढल्या. हा संग्रह सुमारे सात लाख चाळीस हजार पानांचा आहे आणि आज तो कुणालाही घरबसल्या वाचता येतो. मी माझ्या भाड्याच्या घराच्या परिसराचे नाव घालून शोधले, तेव्हा ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका शाळकरी मुलीच्या वळणदार अक्षरात समोरच्या शेतातल्या गडाची गोष्ट वाचायला मिळाली. तिने ती आजोबांकडून ऐकली होती. त्या नोंदीत कुणालाही ते मानण्याची सक्ती नाही आणि कुणाचीही चेष्टा नाही.

आपल्याकडे दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी एकेकट्याच्या बळावर डोंगराएवढे काम केले. पण आमच्या गावच्या सात राखणदारांची नावे कोणत्याही छापील पुस्तकात मला आढळली नाहीत. ती आईला येतात, काकांना येतात आणि आणखी चारपाच म्हाताऱ्यांना. भाऊ आणि मी दोघे मिळून सातातली तीन सांगू शकलो. वड पडला तर त्याच्याबरोबर राखणदारही जाईल, कारण त्याची गोष्ट त्या वळणाशीच बांधलेली आहे.

रस्ता हवाच आहे, त्याबद्दल मी काकांशी वाद घालीन. पण रस्ता वळवता येतो. २०२० साली सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावाजवळचा सुमारे चारशे वर्षांचा वड महामार्गाच्या आखणीत येत होता. लोकांनी आवाज उठवल्यावर आखणी बदलून तो राखण्यात आला. आमच्या वळणावर वडाच्या पलीकडची पडीक जमीन आमच्याच कुटुंबाच्या नावावर आहे. त्यातली रस्त्यापुरती पट्टी देण्यास माझी संमती आहे, असे मी दोघांनाही लेखी कळवले आहे. काकांना मी विचारले आहे की, वडापाशी येण्यास कुणालाही मज्जाव असणार नाही हे ते ग्रामसभेत उभे राहून सांगतील का. भावाला विनंती केली आहे की, त्याने शाळेतल्या सातवीच्या मुलांना वह्या आणून द्याव्यात आणि प्रत्येकाला एका म्हाताऱ्या माणसाकडे पाठवावे. त्याने होकार कळवला आहे. काकांचे उत्तर अजून आलेले नाही. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे.