कचरा वाढवा, इज्जत वाढवा

परवा एका मुंजीला गेले होते आणि तिथून एवढं ज्ञान घेऊन आलेय की वाटल्याशिवाय राहवेना. घरात कार्य असेल, दुकान असेल, नाहीतर नुसतं घर असेल तरी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी पाणी. पाहुण्याला पेल्यात पाणी देणं म्हणजे गरिबी, हे लक्षात ठेवा. प्रत्येकाच्या हातात 200 मिलीची सीलबंद बाटली द्या. पाहुणा दोन घोट पिईल, बाटली खुर्चीखाली ठेवेल, जेवायला बसला की दुसरी घेईल, पहिली कुठली ते आठवत नाही म्हणून तिसरी, आणि पोरं अर्ध्या भरलेल्या बाटल्यांनी फुटबॉल खेळतील. मग केटररचा पोरगा त्या सगळ्या पाण्यासकट एका काळ्या पिशवीत भरेल, वर उष्टा मसालेभात, वर जिलबीचा पाक, गाठ मारली की झालं वर्गीकरण! ओला-सुका वेगळा करायचा नियम 2016 पासून आहे म्हणे, असू दे की. मी म्हटलं, अहो 20 लिटरच्या एका जारमध्ये अशा शंभर बाटल्यांचं पाणी मावतं, चार जारमध्ये अख्खं कार्य उरकलं असतं, पैसेही वाचले असते. तर मुलाची आत्या म्हणाली, "अगं असू दे, स्टँडर्ड दिसतं. आणि रिसायकल होतं ना सगळं!" हो आत्याबाई, होतं ना. त्या पाकात बरबटलेल्या पिशवीत हात घालून कचरावेचक बाई एकेक बाटली काढते, झाकण उघडून तुमचं उरलेलं पाणी ओतते आणि मग भंगारवाल्याकडे नेते, तेव्हा कुठे ते रिसायकल होतं. तुमच्या स्टँडर्डची धुणीभांडी तिने करायची.

कापडी पिशवी घरी दाराला छान अडकवून ठेवावी. बाजारात नेऊ नये, मळते.

दुकानदारांनी गिऱ्हाईक "नको नको" म्हणत असताना पिशवी द्यावीच. एक कंगवा प्लॅस्टिकमध्ये, तो खोक्यात, ते खोकं परत पिशवीत. तिन्हीचा खर्च तुमच्याच नफ्यातून जातो, पण हिशोब कोण करतंय.

पार्सल मागवताना "चमचे नकोत" वर चुकूनही टिक करू नका. सॉसच्या पुड्या फ्रीजच्या दारात साठवा, पुढच्या पिढीला होतील.

आणि वेफर्सची चकचकीत पाकिटं जेवढी आणाल तेवढी कमीच. ती भंगारवालासुद्धा घेत नाही, त्यामुळे चोरीची भीती नाही.

एवढं सगळं केलंत की मग निवांत सोसायटीच्या ग्रुपवर "महानगरपालिका झोपली आहे का???" असा मेसेज टाका, सोबत फोटो.

जाऊ दे, आता सरळच बोलते. लाज वाटत नाही का हो? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी-फुरसुंगीला नेऊन टाकला, तिथल्या विहिरी नासल्या, 2017 साली डेपोला आग लागली तेव्हा त्या लोकांनी गाड्या अडवल्या आणि इकडे चौकाचौकात ढीग साचले, तेव्हा नाकाला रुमाल लावून त्यांनाच शिव्या घालणारे तुम्हीच होतात. त्यांनी तुमच्या मुंजीचं काय घोडं मारलं होतं? जी बाटली आणलीच नाही ती उचलावी लागत नाही, तिच्यासाठी गाडी, डिझेल, डेपो काही लागत नाही, एवढं साधं कळायला इंजिनीअर असून जमत नाही तुम्हाला. आधी वाट्टेल तेवढं घरात आणायचं आणि मग डबा हिरवा की निळा यावर मीटिंगा घ्यायच्या.

आणि "एवढे पेले विसळणार कोण" हे तर मला विचारूच नका. ताटं स्टीलचीच होती की! चारशे ताटं, आठशे वाट्या विसळल्याच ना केटररने, मग पेल्यांनीच काय पाप केलं होतं?