गिअर नाही म्हणून सोळाव्या वर्षी स्कूटर चालते, हे खरं नाही

दहावीचे निकाल लागून अकरावीचे क्लास सुरू झाले, की ठाण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो मला तीन पालकांनी पाठवला. मी नौपाड्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे ‘मॅडम, हे बरोबर आहे ना?’ हा प्रश्नही सोबत होताच. मेसेज थोडक्यात असा:

‘सोळा पूर्ण झालेल्या मुलामुलींना गिअर नसलेली कोणतीही स्कूटर कायद्याने चालवता येते. आईवडिलांच्या सहीचं संमतीपत्र डिकीत ठेवा. पोलिसांनी अडवलंच तर फक्त 500 रुपये दंड. गाडीचा इन्शुरन्स असेल तर काळजी नाही. इलेक्ट्रिकला लायसनच लागत नाही. परदेशात सोळाव्या वर्षी 125 सीसीची बाइक देतात. सर्व पालकांना पाठवा.’

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एक तुकडा आहे. म्हणूनच शिकलेसवरलेले लोकही तो पुढे ढकलतात, आणि म्हणूनच एकेक वाक्य घेऊन उत्तर द्यायला बसले आहे.

सगळ्यात आधी ते गिअरचं. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 4 सांगतं की अठरा वर्षांखालच्या कुणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचं नाही. त्याला एकच सवलत आहे: सोळा पूर्ण झाल्यावर, इंजिन 50 सीसीपेक्षा मोठं नसलेली मोटरसायकल. या वाक्यात गिअरचं नावसुद्धा नाही. गिअर येतो तो पुढे, कलम 7 मध्ये. अठरा वर्षांखालच्या मुलाला गिअर नसलेल्या मोटरसायकलचं शिकाऊ लायसन हवं असेल, तर पालकाची लेखी संमती लागते, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे एका कलमात 50 सीसीची मर्यादा, दुसऱ्यात गिअर आणि संमती. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असतात. मेसेज लिहिणाऱ्याने दुसरं कलम ठेवलं आणि पहिलं सोडून दिलं.

घोळ कुठून आला हे मला समजतं. माझ्या वयाच्या कितीतरी मुली लूना किंवा सनी घेऊन कॉलेजला गेल्या. लूना पुण्याच्या कायनेटिकने 1972 मध्ये आणली, बजाजची सनी नंतर आली, आणि दोन्ही 50 सीसीच्या आसपासच्या होत्या. ‘बिनगिअरची’ म्हटलं की घराघरात हीच गाडी डोळ्यांसमोर यायची. आज त्याच शब्दाने आपण अ‍ॅक्टिव्हा दाखवतो. तिचं इंजिन 109 सीसीचं, ज्युपिटरचं 113, अ‍ॅक्सेसचं 124. शब्द तोच राहिला आणि गाडी दुपटीहून मोठी झाली. शोरूममध्ये जाऊन 50 सीसीची पेट्रोल गाडी मागून बघा, मिळणार नाही. भाजीवाल्यांची आवडती टीव्हीएस एक्सएलसुद्धा आता 100 सीसीची आहे. सोळाव्या वर्षाची सवलत कायद्याच्या पुस्तकात शिल्लक आहे, ती वापरायला गाडी शिल्लक नाही. लायसनचे अर्ज जिथे होतात त्या सरकारी सारथी पोर्टलवर 50 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलचा वर्ग आजही वेगळा आहे. मुलाकडे त्या वर्गाचं लायसन असेल तर ते अ‍ॅक्टिव्हाला लागू पडत नाही. लायसनवर वाहनाचा वर्ग छापलेला असतो, तो कृपा करून वाचा.

‘50 काय आणि 110 काय, एवढा काय फरक पडतो?’ असं एका बाबांनी मला फोनवर विचारलं. हा प्रश्न माझ्या विषयातला आहे, म्हणून यावर जरा थांबते. अकरावीत गतीची समीकरणं शिकवताना मी हेच उदाहरण घेते. ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 7 मीटर. समोर काहीतरी आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर गाडी 7 मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागला तरी थांबायला आणखी 5 मीटर. एकूण 12. आता ताशी 60 घ्या, 110 सीसीची स्कूटर तिथे सहज पोहोचते. नुसत्या त्या एका सेकंदात 17 मीटर जातात, ब्रेक लागल्यावर आणखी 28. एकूण 45 मीटर. वेग अडीचपटीहून कमी वाढला, अंतर पावणेचारपट झालं. धडकेच्या वेळची ऊर्जा तर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे जवळपास पावणेसहापट. फळ्यावर हे आकडे आले की मुलं गप्प होतात, कारण त्यातली निम्मी त्याच संध्याकाळी घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडने घरी जाणार असतात. तिथे मेट्रोच्या कामाचे पत्रे, सांडलेली खडी, उलट्या दिशेने येणारा टेम्पो, आणि पावसाळ्यात पाण्याखाली गेलेले खड्डे. पंचेचाळीस मीटर मोकळा रस्ता माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत संध्याकाळी सात वाजता कुठे सापडतो, ते मला दाखवा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी मानपाड्याजवळ अशाच खडीवर घसरली. वय सोळा, गाडी आईची, मागे मैत्रीण. मनगट मोडलं, मैत्रिणीच्या गुडघ्याला टाके पडले. मुलगी हुशार आणि शांत, गाडी नीट चालवायची असं सगळेच म्हणतात. मीही म्हणते. नीट चालवणाऱ्यालाही खडी दिसल्यावर पुढचा ब्रेक किती दाबायचा हे शिकवावं लागतं, आणि तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

आता संमतीपत्र. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. कायद्यातली संमती शिकाऊ लायसनच्या अर्जासाठी असते, रस्त्यावर दाखवायला नसते. डिकीतल्या चिठ्ठीने मूल लायसनधारक होत नाही. उलट ती चिठ्ठी पालकांच्याच विरोधात जाते. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाकडून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस पूर्ण होईपर्यंत ना शिकाऊ लायसन, ना पक्कं. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातून मोटारीचा अपघात झाला तेव्हा हे कलम अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. पण ते महागड्या मोटारींपुरतं नाही, दुचाकीलाही तेच आहे.

या कलमात न्यायालय असं गृहीत धरतं की गाडी पालकांच्या संमतीनेच दिली होती. पालकाला सुटायचं असेल तर ‘मला माहीतच नव्हतं’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे त्याने सिद्ध करायचं. डिकीत तुमच्याच सहीचं संमतीपत्र सापडलं, तर सिद्ध करायला काय उरतं? कलमात एक अपवाद आहे: मुलाकडे लायसन असेल आणि तो त्याच लायसनमधलं वाहन चालवत असेल तर हे लागू नाही. इथेही पुन्हा 50 सीसीच आडवी येते.

500 रुपयांचं मूळही सांगते. 2019 च्या आधी लायसनशिवाय चालवल्याचा दंड 500 रुपयांपर्यंत होता. तो आता 5,000 आहे, आणि ज्याने लायसन नसलेल्याला गाडी दिली त्यालाही वेगळे 5,000. 199अ तर रस्त्यावर तडजोडीची रक्कम भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीतच नाही, त्यासाठी कोर्टातच जावं लागतं.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात. ज्याला धडक बसली त्याला भरपाई मिळावी म्हणून न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात, आणि मग तीच रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे पैसे शेवटी तुमच्याच खिशातून. स्वतःच्या गाडीचं नुकसान लायसन नसताना मागायला गेलात तर दावा नाकारला जातो. पॉलिसीतलं पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण लायसन असलेल्या मालक-चालकाचं असतं, तुमच्या मुलाचं नव्हे.

इलेक्ट्रिकचं वाक्य अर्धं खरं आहे. मोटर 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, अशी चाचणी संस्थेने मान्य केलेली गाडी कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी नाही, लायसन नाही. एवढी ताकद कमीच, पण सोसायटीपासून क्लासपर्यंत पुरते. प्रश्न असा की आमच्या क्लासखाली उभ्या असलेल्या नंबरप्लेट नसलेल्या गाड्यांपैकी किती खरोखर 25 ने धावतात? एका विद्यार्थ्याने मला अभिमानाने सांगितलं, ‘मॅडम, कंट्रोलरची एक वायर काढली की 45 जाते.’ त्या क्षणी ती गाडी मोटार वाहन झाली: नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं. ज्या इलेक्ट्रिक स्कूटरला हिरवी नंबरप्लेट आहे तिला तर लायसन लागतंच. विकत घेताना दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, मान्यतेचा कागद मागा.

राहिलं परदेश. जर्मनीत सोळाव्या वर्षी 125 सीसी मिळते, हे खरं. पण ताकदीची मर्यादा 11 किलोवॅट, लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा, आणि त्याआधी शहराबाहेर, महामार्गावर व अंधारात चालवण्याची मिळून 12 सक्तीची सत्रं. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी 50 सीसी आणि ताशी 45 किलोमीटरची मोपेड, सतराव्या वर्षी 125, मोठ्या बाइकची पायरी एकोणिसाव्या वर्षी, आणि कुठल्याही मर्यादेशिवाय थेट हवी असेल तर चोवीस. पहिलं प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय रस्त्यावर यायचंच नाही. जपानमध्ये, जिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, सोळाव्या वर्षी 50 सीसी मिळते आणि तिला ताशी 30 ची मर्यादा. मेसेजवाल्याने त्यांचं वय उचललं आणि पायऱ्या तिथेच सोडल्या.

आपल्याकडे पायऱ्याच नाहीत, आणि याचा मला मनापासून राग आहे. सोळाव्या वर्षी कागदावर 50 सीसी, जी बाजारात नाही. अठराव्या वर्षी गिअरचं लायसन मिळालं की 100 सीसी चालवा की 650, कायद्याला सारखंच. मधे काहीच नाही. ताकद आणि वेग बांधलेला एक वर्ग सोळा ते अठरासाठी असावा, आणि त्यासाठी ठराविक तासांचं प्रशिक्षण सक्तीचं असावं, असं माझं ठाम मत आहे. पालक चावी देतात ते लाडापोटीच असं नाही. रात्री साडेनऊला क्लास सुटतो, टीएमटीच्या बसला गर्दी असते, शेअर रिक्षा तीन हात नाक्यावर चौथी सीट भरेपर्यंत हलत नाही, आणि मुलगी एकटी उभी असते. ही अडचण खरी आहे. तिला उत्तर म्हणून मी या वर्षी शेवटची बॅच साडेआठला संपवते, आणि घोडबंदरकडच्या मुलांनी एकत्र रिक्षा ठरवावी म्हणून पालकांची यादी करून दिली आहे. सात जणांनी दोन रिक्षा महिन्याच्या बोलीवर लावल्या.

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एका बाबांची मुलगी जानेवारीत अठरा पूर्ण करते. त्यांना मी एवढंच कळवलं: वाढदिवसानंतर ऑनलाइन शिकाऊ लायसनचा अर्ज करा. ते सहा महिने चालतं, पक्क्या परीक्षेला किमान तीस दिवसांनी बसता येतं. तोवर गाडीला लाल एल लावायचा, मागे मैत्रीण बसवायची नाही, फक्त शिकवणारा लायसनधारक. आणि त्या तीस दिवसांतले काही रविवार सकाळी लवकर उपवनच्या बाजूला घेऊन जा, पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक दोन्ही एकत्र कसे दाबायचे ते तुम्ही स्वतः दाखवा. त्यांनी विचारलं, जानेवारीपर्यंत काय? मी म्हटलं, दुसऱ्या रिक्षात एक जागा आहे.