पोट बिघडले की थट्टा का सुचते?

मळमळणे, उमासे येणे, ढवळणे, ओकारी, जुलाब, ढाळ, हगवण: पोटाच्या दुखण्याचा प्रत्येक टप्पा नेमका सांगणारे इतके शब्द मराठीत असताना आजाऱ्याच्या वाट्याला मात्र प्रत्येक वेळी थट्टाच का यावी? 'नळ सुटला का?', 'आज मुक्काम संडासातच वाटतं!', 'इंजिन खालून गळतंय!' हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. बेसिनच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, कपाळावर गार घाम, तोंडात कडू पित्त आणि पोटात पुढची कळ अशा अवस्थेत मी वाकलेले असताना दाराबाहेरून 'काय, गोड बातमी का?' असे कोणी हसत विचारते, तेव्हा त्या हसण्याची मला मनापासून चीड येते. बाईला मळमळले की दुसरे कारणच नसते का? तापाने फणफणलेल्या माणसाला असे कोणी चिडवते का? उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात, लहान मुलांच्या तर ते जिवावर बेतते. विनोद सुचण्याआधी 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून आणा, आणि दार हळूच वाजवा.