काटकरांचं पान

आलेल्या माणसाला काही खायला न घालता परत पाठवणं आमच्या घरात गुन्हा समजतात. कुरियरवाला सही घेऊन जिन्याने खाली पळत सुटलेला असतो, तरी आई आतून ओरडते, "त्याला पाणी विचारलंस का रे?" गॅसची नळी तपासायला आलेला माणूस आमच्याकडून थालीपीठ खाऊन गेलेला आहे. अशा घरात लेकीने पहिल्या पगारातून हेजहॉग आणला. आई त्याच्यापुढे वाकली आणि म्हणाली, "काय घेणार?" त्याने फुस्स केलं आणि काट्यांचा गोळा झाला. काय घेणार ते काही सांगितलं नाही.

प्राणी गोड आहे, नाही म्हणत नाही. ओंजळीत मावेल एवढा, पाठीवर काही हजार काटे आणि पुढे सतत हलणारं ओलसर नाक. मूळचा आफ्रिकेचा. लोक त्याला साळिंदराचं पिल्लू समजतात, पण साळिंदर पडलं उंदराच्या गोतातलं आणि हा पडला चिचुंद्रीच्या. यातली दुसरी माहिती मी घरात कुणाला दिलेली नाही. लेकीने त्याचं नाव स्पाइकी ठेवलं होतं. आईला ते उच्चारायला जमेना. "काटे आहेत ना? मग काटकर," असं म्हणून तिने बारसं उरकलं. आता वॉचमनसुद्धा "काटकरसाहब कैसे हैं?" म्हणून विचारतो.

लेकीला ऐरोलीत रात्रपाळी असते. काटकरांनाही रात्रपाळीच. पण ती जागी असते तेव्हा खाडीपलीकडे असते आणि हा मुलुंडला. शिवाय तो दिवसभर फडक्याखाली ढाराढूर झोपतो आणि आमची निजानीज झाली की जेवायला उठतो. तेव्हा त्याचं पान वाढायचं काम निवृत्त माणूस म्हणून माझ्याकडे आलं.

पान वाढायचं म्हणजे आधी त्यावर काय वाढायचं ते ठरायला हवं. आई म्हणाली, "त्यात काय ठरवायचंय? लहान जीव आहे, दूध-पोळी कुस्करून दे." हे तिला एकटीलाच सुचलं असं नाही. इंग्लंडात बागेत येणाऱ्या हेजहॉगांसाठी बशीत दूध-पाव ठेवायची जुनी रीत होती. त्या बिचाऱ्यांना मग जुलाब लागायचे, कारण दूध त्यांना पचतच नाही. मी इंग्रजांचा दाखला दिला. आई म्हणाली, "त्यांचं दूध पिशवीचं असेल."

मग बायकोने शेंगदाणे काढले. ते टाळूला चिकटून अडकतात. देवापुढच्या वाटीतल्या मनुका पुढे आल्या. मनुका आणि द्राक्षं, दोन्ही बंद. लेक ऐरोलीहून फोनवर एकेक पदार्थ खोडत होती आणि मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेत होतो. चॉकलेट नको, संत्रं-मोसंबं नको, कांदा नको, लसूण नको. कांदा-लसूण म्हटल्यावर आईचा चेहरा उजळला. "बघा, मुका जीव, पण केवढा सात्त्विक! नाहीतर तुम्ही." मग तिने साहजिकच विचारलं, "पण मग खातो काय तो?"

"किडे," मी म्हणालो.

चातुर्मास पाळणारे खूप पाहिले होते तिने. कांदा-लसूण सोडून अळ्या धरणारा पहिलाच.

परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, म्हणजे मुंबईला जनावरांच्या डॉक्टरांची काही नवलाई नाही. पण शेजारच्या दवाखान्यात काटकरांना टेबलावर ठेवलं तेव्हा कंपाउंडर दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "आम्ही कुत्री-मांजरं बघतो." शेवटी ससे, पोपट आणि कासवं बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई सापडल्या. त्यांनी काटकरांचं वजन केलं. भरले ४२० ग्रॅम. मग त्या गंभीरपणे म्हणाल्या, "हा नीट मिटतोय ना, तेवढं बघत जा. चरबी साठली की पूर्ण गोळा होता येत नाही. पाय नाहीतर तोंड बाहेर राहतं." त्या बोलत होत्या काटकरांबद्दल. पोट आत घेतलं मी.

मुख्य जेवण म्हणून त्यांनी मांजरांचं कोरडं खाद्य सांगितलं. प्रथिनं तीस ते पस्तीस टक्के, चरबी पंधराच्या आत, दहाच्या आसपास असेल तर उत्तम. दाणे बारीक, कारण तोंड बारीक. रात्री एक ते दोन मोठे चमचे, बस्स. अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीचा कण, बिनमिठाचा. उकडलेलं गाजर चालेल. आणि आठवड्यातून काही वेळा मोजकेच किडे, तेही पाळीव. "काका, वाढायचं नाही हं, मोजायचं," बाई म्हणाल्या. आमच्या घराण्यात पाहुण्याला मोजून वाढल्याची नोंद नाही. एका चमच्याच्या वर वाढणार नाही, असं वचन आईने दिलं खरं, पण आमच्याकडचा मोठा चमचा म्हणजे आमटीचा डाव.

श्रावण तोंडावर होता, आणि पाकिटावर बघावं तर कोंबडीच कोंबडी. आईने तोड काढली. त्याचं पान गॅलरीच्या दाराशी, त्याची वाटी वेगळी, चमचा वेगळा, आणि पाकीट स्वयंपाकघरात नाही तर माझ्या कपाटात, विम्याच्या कागदांशेजारी. अजूनही पॉलिसी काढली की तिला खारवलेल्या चिकनचा वास येतो.

खरेदीला मी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. तिथल्या पिंजऱ्यांच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने ऐटीत एक पाकीट पुढे टाकलं. वर हसऱ्या हेजहॉगचं चित्र. आत सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, रंगीत गोळ्या आणि चक्क मनुका! म्हणजे चित्रातला प्राणी सोडून बाकी कुणीही खावं असा ऐवज. मी म्हटलं, "भाई, इसमें मनुका है." तो म्हणाला, "अंकल, वो सब खाता है." "उसको मना है." "तो निकाल के दो ना." दुकानदाराशी वाद घालायचा नाही, हे मुंबईत राहून मी शिकलो आहे. मी चष्मा पुसला आणि मांजरांच्या खाद्याची पाकिटं उलटी करून वाचायला बसलो. घटकांच्या यादीत पहिलं नाव मांसाचं हवं, मक्याचं नको, असं बाईंनी बजावलं होतं. जे सर्वांत जास्त, ते आधी लिहितात. एका पाकिटावर पुढे भलीमोठी कोंबडी आणि मागच्या यादीत ती बिचारी गहू-मक्याच्या मागे रांगेत उभी. दुसऱ्यात प्रथिनं मनाजोगती, पण चरबी वीस. ते पिल्लांसाठीचं होतं. दुकानदाराने मधे एकदा माझ्यासाठी स्टूल आणून दिलं. ते सौजन्याने की वैतागाने, कळलं नाही.

अखेर बत्तीस-बारा असं एक स्थळ जुळलं. मग अळ्या. मीलवर्म म्हणतात त्यांना. एका काळ्या भुंग्याच्या या पिवळसर, चकचकीत अळ्या गव्हाच्या कोंड्यात वळवळत असतात आणि वजनावर मिळतात. किलोचा हिशेब केला तर पापलेट स्वस्त पडावं.

इथे जरा थांबून आमच्या घराचा इतिहास सांगायला हवा. या घरात माझ्या आईचं उभं आयुष्य किड्यांशी लढण्यात गेलं आहे. मे महिन्यात तांदूळ गच्चीवर वाळवायचा, डाळींना एरंडेल चोळायचं, डब्यात कडुलिंबाचा पाला आणि पारदाच्या गोळ्या घालायच्या. तरीही ऑगस्टच्या दमट हवेत रव्याला जाळी धरायचीच. फ्लॉवर मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा आणि एखादी हिरवी अळी तरंगून वर आली की जग जिंकल्यासारखं पाहायचं. आता त्या घराचा कर्ता पुरुष रोख पैसे मोजून, मोठ्या, जोमदार आणि जिवंत अळ्या निवडून घरी आणत होता.

डबा छातीशी धरून मी ठाणे लोकलमध्ये उभा राहिलो. झाकणाला भोकं होती, त्यामुळे पिशवीत टाकायची सोय नव्हती. दादरला गर्दी आत घुसली तशी माझ्यासमोरच्या गृहस्थांचं नाक झाकणावर टेकायचं बाकी राहिलं. "काका, शेवया का?" "हं," मी म्हणालो. घाटकोपरपर्यंत त्यांनी शेवयांच्या खिरीबद्दल पुष्कळ सांगितलं. मग एका शेवईने मान वर केली. विक्रोळीला ते उतरले. तिथे उतरणारे ते नसावेत.

अळ्या ठेवायच्या फ्रिजमध्ये. बाहेर ठेवल्या तर कोशात जातात आणि पुढे भुंगे होतात. थंडीत त्यांची वाढ मंदावते. हे मी शास्त्रीय भाषेत आणि शक्य तितक्या हळू आवाजात बायकोला समजावलं. ती म्हणाली, "अहो, फ्रिज तुमचा की माझा?" या प्रश्नाचं उत्तर लग्नात सप्तपदीच्या वेळीच ठरलेलं असतं. पुष्कळ घासाघीस होऊन खालच्या कप्प्यातली मागची बाजू मिळाली. डब्याला दोन रबरं लावायची, वर लेबल चिकटवायचं आणि लेबलवर नुसतं "बाबांचं" लिहायचं, अशा अटी होत्या. गेल्या महिन्यात भाचा राहायला आला होता. त्याने रात्री फ्रिज उघडून "मामाचं काय आहे बघू," म्हणून रबरं काढली. हल्ली तो हॉटेलात उतरतो.

एवढं करून अळी काही पूर्णान्न नाही. तिच्यात चरबी बरीच, फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. अशा अळ्याच रोज खाल्ल्या तर प्राण्याची हाडं ठिसूळ होतात. म्हणून द्यायच्या आदल्या दिवशी अळ्यांनाच चांगलंचुंगलं खायला घालायचं, म्हणजे त्यांच्या पोटातून ते याच्या पोटात जातं. आईने हे दोनदा समजून घेतलं. "म्हणजे आधी अळीला जेवायला वाढायचं?" "हो." "आणि मग ती याला?" "हो." आईने क्षणभर विचार केला आणि गाजर किसायला घेतलं. पाहुण्याचे पाहुणेही आपल्याकडे उपाशी राहता कामा नयेत.

सोसायटीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "विकत कशाला आणता? आमच्या ओट्याखाली झुरळं आहेत, न्या हवी तेवढी." पहिल्या पावसात ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा आला तेव्हा घरोघरी दिवे मालवून खाली पाण्याच्या पराती मांडल्या गेल्या, आणि सकाळी तीन घरांतून आमच्याकडे वाट्या आल्या. वर झाकण घातलेल्या, संक्रांतीच्या वाणासारख्या. सगळ्या साभार परत केल्या. बाहेरच्या किड्यांवर काय फवारलंय आणि त्यांच्या पोटात कसले जंत आहेत, याची खात्री कोण देणार? आमच्या सोसायटीत तर पेस्ट कंट्रोल होतं. झुरळं मरत नाहीत, पण विषारी नक्की होत असणार.

पाकीट आलं, अळ्या आल्या, गाजर किसून झालं. आणि काटकरांनी नव्या खाद्याला तोंड लावलं नाही. लहानपणी जे खाल्लं तेच ते ओळखतात, नवं काही दिसलं की हुंगून पुढे जातात. रात्रीचे साडेबारा. आई, बायको आणि मी गॅलरीच्या दाराशी ओळीने उभे. ते वाटीपाशी यायचे, नाक हलवायचे आणि परत चाकावर जाऊन धावायला लागायचे. बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा जशी सगळी मंडळी तोंडं पाडून उभी असतात, तसे आम्ही उभे होतो. "काहीतरी मनात राहिलंय त्याच्या," आई कुजबुजली. बायको म्हणाली, "चाक कुरकुरतंय म्हणून असेल." आई मला म्हणाली, "सांग त्याला, चाकाला तेल घालतो म्हणून." मी केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेला माणूस आहे. मी हात जोडून म्हणालो, "काटकर, उद्या चाकाला तेल घालतो." ते चाकावरून उतरले, वाटीपाशी आले आणि कुरुम कुरुम करत खाऊ लागले. नवं खाद्य एकदम देऊ नये, जुन्यात थोडं थोडं मिसळत न्यावं, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. आईला ते पटलेलं नाही. चाकाला मात्र मी तेल घातलं, विषाची परीक्षा कोण घेणार?

अंड्याची तऱ्हा निराळीच झाली. आईने फोडणीच्या हातानेच अंड्याचा कण पुढे धरला. तिच्या बोटांना हिंगाचा वास. काटकरांनी आधी बोटच चाटलं, मग काहीतरी चघळल्यासारखं केलं आणि तोंडाला भराभर फेस आला. मान उलटी वळवून, जीभ लांब काढून ते तो फेस स्वतःच्या पाठीवरच्या काट्यांना फासायला लागले. पाय चौफेर फाकलेले, तोल जातोय, एकदा तर उताणे पडले. आई किंचाळली, "अरे, कांदा हुंगवा कुणीतरी!" कांदा वर्ज्य, हे त्या गडबडीत फक्त बायकोला आठवलं. लेकीला फोन लावला तर ती हसायला लागली. नवा, उग्र वास आला की हे प्राणी असंच करतात, रोग नाही काही. तेव्हापासून घरात हिंगाची फोडणी पडली की काटकर झोपेतून नाक बाहेर काढतात आणि आई म्हणते, "नको रे बाबा, आत्ताच अंघोळ झाली तुझी."

आता बरंचसं बस्तान बसलंय. सकाळी पोहे भिजेपर्यंत त्याच ओट्यावर काटकरांचं वजन होतं, केकच्या काट्यावर, स्टीलच्या वाडग्यात. दहा-वीस ग्रॅम वाढले की बायको माझ्याकडे बघते, कारण रात्रीचा चमचा माझ्या हातात असतो. आईवर कुणी संशय घेत नाही. डावाने कोण वाढतं, ते मला माहीत आहे.

परवा ती शिऱ्यासाठी रवा चाळत बसली होती. चाळणीत एक पिवळसर अळी वळवळली. एरवी ती खिडकीतून भिरकावली गेली असती. आईने ती अलगद बोटावर घेतली, चष्मा वर सरकवून निरखली आणि मला हाक मारली.

"अरे, फेकण्याआधी बघ जरा. ही आपली की त्याची?"