लुळ्या पायांवर जपानी इंजेक्शन? दावा तपासून पाहू

अपघातात मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या रुग्णाच्या घरी एक मजकूर हमखास पोचतो. आशय असा: जखमेवर साचलेली प्रथिनं नसांना वाढू देत नाहीत, ती विरघळवणारं इंजेक्शन जपानने मंजूर केलंय, ते घेतलं की रुग्ण चालू लागतो. यातलं काही खरं आहे, म्हणूनच लोक फसतात.

‘प्रथिनं नसांना वाढू देत नाहीत.’ हे बरोबर आहे. १९८१ मध्ये माँट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा जोडला, तेव्हा मज्जारज्जूतले चेतातंतू त्यातून सुमारे तीन सेंटिमीटर वाढत गेले. म्हणजे वाढण्याची ताकद तंतूंत होती, भोवतालची जागा नडत होती. तिथे प्रोटिओग्लायकन नावाची प्रथिनं साचतात. त्यांच्यावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या लांब शर्करा-साखळ्या असतात आणि वाढणारं टोक त्यांच्यापाशी अडतं. पण अडवणारी ती एकटीच नाहीत. मायलिनमधलं, म्हणजे तंतूंवरच्या वेष्टनातलं, नोगो-ए हे प्रथिनही तेच काम करतं.

‘व्रण काढला की वाट मोकळी.’ व्रण म्हणजे जखम भरताना तिच्याभोवती तयार होणारा पेशींचा थर. पण हे इतकं सोपं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांमध्ये अ‍ॅस्ट्रोसाइट या चेतासंस्थेतल्या आधार पेशींचा व्रण तयारच होऊ दिला नाही, तरी तंतू आपोआप वाढले नाहीत. शिवाय हाच व्रण जखमेची सूज निरोगी भागात पसरण्यापासून रोखतो.

‘जपानने मंजूर केलंय.’ सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. जपानने २०१८ मध्ये मंजूर केलेलं कॉन्डोलिएज म्हणजे वर सांगितलेल्या शर्करा-साखळ्या तोडणारं विकर (एन्झाइम), कॉन्ड्रॉइटिनेझ एबीसी. पण मंजुरी आहे ती कमरेतल्या मणक्यांमधली गादी सरकल्यावर वापरण्यासाठी. सुई थेट गादीत जाते, गाभ्यातलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट तुटतं, गाभ्याची पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटते, गादी आकसते आणि नसेवरचा दाब हलका होतो. तुटलेला तंतू जोडण्याशी याचा काहीही संबंध नाही. मज्जारज्जूच्या इजेसाठी हे विकर कोणत्याही देशात मंजूर नाही.

‘घेतलं की चालू लागतो.’ २००२ मध्ये लंडनमध्ये या विकराने उंदरांच्या हालचाली सुधारल्या, हे खरं. पण शरीराच्या उष्णतेत ते काही दिवसांतच निष्प्रभ होतं. २०१८ मध्ये ६० पाळीव कुत्र्यांवर चाचणी झाली, तेव्हा सुधारणा दिसली ती बेताचीच. २००९ चा एक प्रयोग तर प्रत्येक कुटुंबाला सांगायला हवा. विकर दिलेल्या ज्या उंदरांकडून पंजाने दाणे उचलण्याचा सराव करून घेतला, त्यांचा पंजा सुधारला. ज्यांना नुसताच सर्वसाधारण व्यायाम मिळाला, ते शिडीवर चांगलं चालू लागले, पण दाणे उचलण्यात मागे पडले. विकराने चेतासंस्था शिकायला मोकळी होते. ती काय शिकणार, हे सराव ठरवतो.

म्हणून या इंजेक्शनच्या आशेवर फिजिओथेरपी थांबवलेली पाहिली की जीव तुटतो. दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची काळजी, सांधे आखडू न देणं, हे आजच करायचं आहे. आणि भारतात कोणी ‘चाचणी’ म्हणून हे इंजेक्शन पैसे घेऊन देऊ करत असेल, तर आधी सीटीआरआयचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि तो सीटीआरआयच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.