अप का डाऊन?

गुरुवारपासून मी दूध आणायला मागच्या जिन्याने उतरतो. पुढच्या जिन्याखाली बाकड्यावर अण्णा बसलेले असतात आणि येईल त्याला सांगतात, “ह्याने मला मुंबईच्या गाडीला हिरवा दाखवायला लावला!” ऐकणारा माझ्याकडे असा बघतो, की जणू मी म्हाताऱ्याचं पेन्शन खाल्लंय.

गाडी म्हणजे विमान. मला डोक्यावरून जाणारी विमानं ओळखायचा नाद आहे. आम्ही राहतो कारेलीबागेत, हरणीचा विमानतळ जवळच, आणि वारा नैऋत्येचा असला की उडणारी विमानं थेट आमच्या पाण्याच्या टाकीवरून जातात. बडोद्यात माणसं गच्चीवर फक्त उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीचे पतंग उडवायला, चढतात. त्या दोन दिवसांत कोणी कितीही वेळ तोंड वर करून ‘काप्यो छे’ ओरडलं तरी तो संस्कृतीचा भाग. मी बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस गुपचूप वर बघतो, तर माझ्या बायकोला लोक विचारतात, “ह्यांना मानेचं काही आहे का?”

परवा अण्णांचा नातू निघाला, बडोद्याहून दिल्ली आणि तिथून कॅनडा. एका मोटारीत नातू, आईबाप, आजी आणि चार बॅगा. अण्णांना जागा उरली नाही. तेव्हा ते माझ्या मागे गच्चीवर आले. हातात रेल्वेचा हिरवा झेंडा. अण्णा मालगाडीचे आणि नंतर पॅसेंजरचे गार्ड होते. २०२२ मध्ये रेल्वेने गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा निवृत्त असूनही त्यांनी आठ दिवस त्रागा केला होता. “मॅनेजर बँकेत असतो. गाडीला गार्ड!”

“तू फक्त सांग कुठलं ते,” अण्णा म्हणाले. “मी दाखवतो.”

इथे मी फुगलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या विद्येला गिऱ्हाईक आलं होतं. खिशातल्या फोनमध्ये ॲप होतं. विमान स्वतःच दर सेकंदाला आपला ठावठिकाणा १०९० मेगाहर्ट्झवर सांगत सुटतं आणि ॲप ते दाखवतं. पण ॲप बघणं म्हणजे पेपर लिहिताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं. फोन बाहेर काढला नाही. हीच ती चूक.

“ते बघ,” अण्णांनी बोट दाखवलं. फार उंचावर पांढरी रेघ ओढत एक चाललं होतं. “अप का डाऊन?”

“विमानाला अप-डाऊन नसतं, अण्णा.”

“नसतं कसं? समोरासमोर आली तर?”

मी समजावलं, की पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजार फुटांवर असतात, म्हणजे ३५ हजार, ३७ हजार; पश्चिमेकडची सम, ३६, ३८. मध्ये हजार फुटांचं अंतर.

अण्णांचा चेहरा उजळला. “म्हणजे एकीकडची एकी, दुसरीकडची बेकी! अरे, गाड्यांचे नंबर आम्ही असेच द्यायचो. आमचंच उचललंय!”

“आवाज मागून का येतोय?” त्यांचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, दहा किलोमीटरवरून आवाज खाली यायला अर्धा मिनिट लागतो, तोवर विमान सात-आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. “म्हणजे शिटी देऊन उपयोग शून्य,” अण्णा म्हणाले आणि विमान हे वाहन त्यांच्या नजरेतून कायमचं उतरलं. मग डभोई-मियागाम. १८६२ साली गायकवाडांनी देशातली पहिली नॅरोगेज टाकली. सुरुवातीला गाडी बैल ओढायचे. “बैल! पण लोकांना ठाऊक असायचं की ही मियागामला जाणार. तुझ्या ह्यांच्या पोटाला पाटी तरी असते का?”

नसते. डाव्या पंखाखाली व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं असतात. बोइंग ७३७ची मुख्य चाकं पोटात गेल्यावरही उघडी राहतात, खालून दोन काळ्या चकत्या दिसतात. एअरबस ३२०ची दारं बंद होऊन पोट गुळगुळीत. हे सगळं मी सांगू शकतो. मेक, वय, इंजिन. फक्त ते कुठे चाललंय, ते वर बघून सांगता येत नाही, आणि नेमकं तेवढंच सगळ्यांना हवं असतं.

ह्या चर्चेत माझी दुर्बीण अण्णांकडे होती. तिच्यातून ते समोरच्या इमारतीतलं कोणाचं तरी वाळवण तपासत होते. त्याच वेळी दक्षिणेकडून घरघर आली. वळून बघतो तो मानेवर पंख असलेलं, दोन पंख्यांचं, करडं विमान झाडांआड उतरलं. सी-२९५! हवाई दलाने ५६ घेतली, १६ स्पेनहून तयार आणि ४० आमच्या बडोद्यात बांधायची. त्यांच्या आधी इथे ॲव्रो असायची. तिची कानात शिटी मारणारी इंजिनं ऐकून आम्ही शाळेच्या बाकावरून ओळखायचो. सी-२९५ नीट बघावं म्हणून मी दीड महिना चढतोय. “दुर्बीण द्या,” म्हटलं तर अण्णा म्हणाले, “थांब, पापड पालथे घालतायत.”

२००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे आमच्या पंथातल्या चौदा जणांना विमानांचे नंबर लिहिले म्हणून हेर समजून पकडलं. शिक्षाही झाल्या. वर्षभराने अपिलात सुटले. निदान त्यांना कोणीतरी हेर तरी समजलं.

सहा दहाला गर्जना झाली. तीच कंपनी, तेच रंग, एअरबस, पोट गुळगुळीत. “हेच!” मी ओरडलो. अण्णा टाकीच्या कट्ट्यावर चढले, झेंडा उघडला, आणि पंचाहत्तर वर्षांचा माणूस एका लयीत हात हलवत राहिला, विमान ठिपका होईपर्यंत. डोळे पुसले. मीही जरा पुसले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “आजोबा, अजून विमानतळावरच बसलोय. दिल्लीचं लेट आहे. आत्ता मुंबईचं गेलं.”

अण्णा काही बोलले नाहीत. झेंडा गुंडाळून खाली गेले. बोलायला त्यांना सकाळ लागायची होती.

रात्री पावणेनऊला मी एकटाच वर गेलो, या वेळी ॲप उघडून. टाकीपाशी अंधारात कोणीतरी उभं. अण्णांनी टॉर्चवर झेंड्याचं कापड ओढलं होतं. मला त्यांनी काही विचारलं नाही. ॲप बघून मी म्हटलं, “दिल्लीच आहे.” “खबर आहे मला, फोन आला होता,” असं उत्तर आलं. विमान गेलं. त्यांनी हिरवा दाखवला. ते डोक्यावर येताना डाव्या पंखाला लाल आणि उजव्याला हिरवा दिवा दिसला होता.

“बघितलंस?” अण्णा हळूच म्हणाले. “त्याने पण हिरवा दिला.”

इथे गप्प बसायला माझं काय जात होतं? पण नाद वाईट. मी म्हटलं, “अण्णा, उजवीकडचा हिरवा सगळ्याच विमानांना असतो.”

त्यांनी टॉर्च विझवला. मुंबईचं प्रकरण कदाचित मिटलंही असतं. मागचा जिना सुरू झाला तो यामुळे.